हवा जाते कुठे

अब्बास मुकादम हुक्का ओढत नाहीत, पण हुक्क्याची नळी त्यांच्या गाडीत कायम असते. तिचं एक टोक ते कानाला लावतात, दुसरं चालू इंजिनाजवळ फिरवतात आणि डोळे मिटतात. असं ध्यान लागलं की दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधली मुलं सायकली थांबवून बघत राहतात. "अंकल इज टॉकिंग टू द कार," माझ्या धाकटीने घरी येऊन जाहीर केलं. तिला काय कळणार? अंकल बोलत नव्हते, ऐकत होते.

अब्बासभाई मूळचे दापोलीकडचे, आमचे शेजारी, रास अल खोरमध्ये गोदाम सांभाळतात. आपल्या वीस वर्षांच्या जपानी गाडीला त्यांनी शारजाच्या गॅरेजमध्ये नवा, मोठा टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. डॅशबोर्डवरच्या दाबाच्या काट्याने एकवर जायला हवं. तो पॉइंट सातवर येतो आणि रुसलेल्या व्याह्यासारखा तिथेच बसतो.

"प्रेशर बनतंय साहेब, पण टिकत नाही. हवा जाते कुठे?" हे त्यांचं पालुपद. माझ्या मॅनेजरच्या बढाया ऐकून त्यांनी हेच निदान केलं. माझ्या बायकोच्या न फुगलेल्या पुऱ्यांबद्दलही केलं. पुढे महिनाभर त्यांना आमच्याकडे पुरी मिळाली नाही.

गॅरेजवाल्याने धूर सोडून गळती शोधून देतो म्हटलं होतं. "यल्ला, चला, पंधरा मिनिटांचं काम." अब्बासभाईंनी बॉनेट धाडकन बंद केलं. "हिला कुणी हात लावायचा नाही."

तपासाची प्रमुख त्यांची मुलगी सना, कॅनडात इंजिनिअर. आई होती तोवर तिचं सगळं बोलणं आईशी. बापलेकीत फक्त "जेवलीस?" "हो अब्बा." "बरं." आई गेल्यावर हे "बरं" फार लवकर यायला लागलं. मग टर्बो आला. आता दर शनिवारी संध्याकाळी, तिच्याकडे सकाळ असताना, व्हिडिओ कॉल, चांगला चाळीस मिनिटं.

"अब्बा, लेफ्टची नळी दाखव."

"अगं, माझा लेफ्ट की तुझा?"

या नाटकात माझी भूमिका काटा वाचण्याची.

त्या शनिवारी आम्ही अल कुद्राच्या रस्त्याला लागलो. टर्बोची बारीक शीळ, खिडकीतून येणारी कोमट हवा, दोन्हीकडे गुलाबी होत चाललेली वाळू. आपण चाललोय की रस्ताच मागे वाहतोय, कळेना. मी काटा वाचायचा विसरलो.

कडेला थांबून बॉनेट उघडलं, सनाचा कॉल लागला. तेवढ्यात मगरिबची वेळ झाली. फोन माझ्या हातात देऊन अब्बासभाई चटई घेऊन गाडीमागे नमाजाला गेले. मी इंजिनावर वाकलो आणि मला तो दिसला. खालच्या नळीवरचा क्लॅम्प, बोटाने फिरेल इतका सैल. केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

"सना, सापडली बघ गळती," म्हणत मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अंकल, डोन्ट." ती हळूच म्हणाली. "मला पहिल्याच व्हिडिओत दिसला होता तो. टाइट केलात, तर पुढच्या शनिवारी अब्बा मला काय विचारणार? जेवलीस का?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. मी जीभ चावून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

अब्बासभाई आले. एका हाताने फोन घेतला, तिला फक्त आपला चेहरा दिसेल असा वर धरला. दुसरा हात, न बघता, सरळ त्या क्लॅम्पवर गेला. अंगठ्याने त्यांनी तो चाचपला आणि पाव फेरा आणखी सैल केला. मग माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे बघत होतो.

"हवा जाते कुठे, बेटा?"

"नेक्स्ट सॅटर्डे सगळ्या नळ्या परत बघू, अब्बा."

"इन्शाल्ला."

परतताना अब्बासभाईंनी विचारलं, "किती, साहेब?"

"पॉइंट सातच्या जरा खाली."

"अरेरे," ते म्हणाले, आणि टर्बोच्या सुरात सूर मिसळून शीळ घालायला लागले.