नळाच्या दोन पाळ्यांमधली सहल

"एका दिवसात काय बघायचं, पप्पा? एक दिवस तर नुसता लाईनीत उभं राहण्यात जातो," अक्षरा म्हणाली आणि अर्ध्या जेवणावरून उठली.

सिद्धलिंगने हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. हैदराबादजवळच्या त्या मोठ्या पार्कला न्यायचं कबूल केलं तेव्हा पोरगी सातवीत होती. आठवीत ते पुढे ढकललं, नववीत आणखी पुढे. आता दहावीची परीक्षा संपली होती आणि येत्या शनिवारी तिची क्लासची बॅच सुरू होत होती. लातुरात एकदा बॅच सुरू झाली की पोर दोन वर्षं फक्त जेवायला भेटतं. म्हणजे न्यायचं असेल तर याच आठवड्यात, नाहीतर मग तिचं लग्न ठरल्यावर जावयाला सांगावं लागलं असतं.

तिची मागणीही काही अवाजवी नव्हती. पार्कात दोन भाग होते, एक पाण्याच्या खेळांचा आणि एक कोरड्या पाळण्यांचा. पाण्याला एक दिवस, पाळण्यांना एक दिवस. सिद्धलिंगने तर आपल्या शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या मंगळवारपासूनची रजा मिळवून चार दिवसांचा बेत आखला होता, चारमिनारसकट. त्या बिचाऱ्याला वाटलं होतं की मुक्काम किती दिवसांचा हे सहलीला जाणारी माणसं ठरवतात.

"बेस्तरवारी रेणापूरला साखरपुडा हाय," चतुराबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "माझ्या चुलतभावाच्या नातीचा. त्यांच्यातलं झाडून सगळं आपल्या वास्तुशांतीला आलतं. तोंड दाखवावं लागंल."

"माय, गुरुवारी कशाला? ती पोरगी आपल्याला ओळखत पण नाही."

"मग साखरपुड्यात ओळख व्हतीच की."

अशा रीतीने चाराचे दोन झाले. तरी सिद्धलिंग खूश होता, कारण पोरीला दोनच हवे होते. मग चतुराबाईंनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाल्या, "बुधवारी नळ हाय."

त्यांच्या गल्लीत नळ आठवड्याने यायचा, कधी आठव्या दिवशी तर कधी दहाव्या, आणि यायचा तेव्हा तासाभरासाठी, फार तर दोन तासांसाठी. त्या वेळी घरात माणूस नसणं म्हणजे पुढचा आठवडा टँकरवाल्याच्या पाया पडणं. नळ मोरीत होता आणि मोरीवर चतुराबाईंची एकहाती सत्ता होती. पाळी जवळ आली की त्या नळाची तोटी उघडी ठेवायच्या आणि खाली पितळी परात उपडी घालायच्या. पहिली धार परातीवर पडली की असा काही आवाज उठायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा जागी व्हायची.

"किल्ली नागम्मावहिनींकडं ठेवू," पुनमने भीत भीत सासूला सुचवलं. "त्या भरून ठेवतील."

"नागम्माकडं? माझ्या नळाची किल्ली?"

पुनमने जीभ चावली. नागम्मा शेजारीण, भिंतीला भिंत लागून. मागच्या वर्षी चतुराबाई देवळात गेल्या असताना तिने मोरीच्या खिडकीतून हात घालून त्यांची गळती तोटी बंद केली होती. उपकारच होते, पण परात वाजली नाही आणि चतुराबाईंची पाळी हुकली. त्यानंतर त्यांनी भर गल्लीत उभं राहून सांगितलं होतं, "माझ्या नळाला पुन्हा हात लावशील तर याद राख!" ते सगळ्या गल्लीच्या ध्यानात होतं.

तेव्हा ठरलं ते असं. सोमवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, मंगळवारी पार्क, मंगळवारी रात्री परत, बुधवारी सकाळी नळावर हजर. मुक्काम नाहीच. एका दिवसात पोरीने पाणी बघायचं की पाळणे, ते तिचं तिने ठरवावं. जेवणावरून उठलेली अक्षरा दुसऱ्या दिवशी त्यावर भांडलीसुद्धा नाही. "राहू द्या पप्पा, तुम्ही तरी काय करणार," एवढंच ती म्हणाली, आणि सिद्धलिंगला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. आपल्या घरात आपलं काही चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. ते पोरीलाही ठाऊक आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

निघताना गॅस सिद्धलिंगने तपासला, दिवे पुनमने तपासले. मोरी अर्थातच चतुराबाईंनी तपासली. उंदीर येऊ नयेत म्हणून मोरीच्या भोकात त्यांनी घट्ट बोळा कोंबला, कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

मंगळवारी सकाळी पार्काच्या दारातच अक्षराने पाण्याची बाजू निवडली. पाळण्यांकडे तिने एकदाच मान वळवून पाहिलं. सिद्धलिंगने ते पाहिलं आणि त्याचं तिथलं उरलंसुरलं मन उडालं.

आत गेल्यावर चतुराबाई जागच्या जागी थिजल्या. समोर समुद्रासारख्या लाटा उसळणारा हौद होता. घसरगुंड्यांवरून पाणी धो धो वाहत होतं. आणि मधोमध एका उंच खांबावर खोलीएवढी बादली टांगलेली होती, ती भरली की आपोआप कलंडायची आणि खाली उभ्या शंभर माणसांच्या डोक्यावर सगळं पाणी ओतायची. माणसं किंचाळायची, हसायची आणि पुन्हा ती भरायची वाट बघत उभी राहायची.

"अरे द्येवा," चतुराबाई म्हणाल्या. "सिद्धू, हे पाणी जातंय कुठं?"

"परत वर जातं माय. मशीन आहे."

"एवढं सगळं पाणी? आन् ह्यांचा नळ कवा येतो?"

"यांना नळाची गरज नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही. हौदाच्या काठावर त्या पाय पोटाशी घेऊन बसल्या. पुनम म्हणाली, "आत्याबाई, पाय तरी बुडवा," तर म्हणाल्या, "पिण्याजोगं पाणी पायानं कसं तुडवावं माय?" आणि दर वेळी बादली कलंडली की हातातली गेल्यागत "गेलं! गेलं!" करत राहिल्या. अक्षरा मात्र पाण्यात होती. सिद्धलिंगला तिचं ओलं, हसरं डोकं मधूनमधून दिसायचं आणि तो घड्याळाकडे बघायचा. ट्रॅव्हल्सची वेळ जवळ येत होती.

दुपारी फोन वाजला. सिद्धलिंगने तो गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच कानाला लावला.

"भाऊजी, म्या नागम्मा. कवा आलाव तुम्ही?"

"आम्ही इथंच आहोत की. पार्कात."

"अय्यो! मग घरात कोण हाय? तुमची परात वाजून वाजून बंद झाली. पाणी पायरीवरनं गल्लीत यायलंय!"

सिद्धलिंगच्या पायाखालची ओली फरशी सरकली. नळ एक दिवस आधी आला होता. तोटी उघडी होती. मोरीत बोळा होता. आणि पलंगाखाली, जमिनीवर, अक्षराच्या बॅचची कोरी पुस्तकं गठ्ठा बांधून ठेवलेली होती.

"कुलूप तोडू काय?" नागम्माने विचारलं.

तोपर्यंत चतुराबाईंनी पिशवीसकट फोन ओढून घेतला होता. पट्टा गळ्यातच असल्याने सिद्धलिंगही पुढे ओढला गेला. "खबरदार! कुलपाला हात लावायचा न्हाई!" त्या ओरडल्या. "माझ्या घरात कुणी पाऊल ठिवायचं न्हाई, सांगून ठिवते!" आणि त्यांनी फोन कापला. सिद्धलिंगने पुन्हा लावला. पुन्हा, आणि पुन्हा लावला. नागम्माने तो उचललाच नाही.

"तोटी कोणी उघडी ठेवली?" तो म्हणाला.

हा प्रश्न विचारायला नको होता. पुनमने आभाळाकडे पाहिलं. चतुराबाईंनी हौदाकडे पाहिलं. पाळीच्या आदल्या दिवसांत तोटी उघडी ठेवणारा हात त्या घरात एकच होता, आणि इतक्या वर्षांची हाताची सवय निघायच्या गडबडीतही चुकली नव्हती.

"चला, निघू," सिद्धलिंग म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. एखादी जीप करू."

"पोचायला रात्र होईल," पुनम म्हणाली. "नळ तर तासाभरात जाईल. काय वाचणार आहे?"

"मग बसून राहायचं? घर बुडायलंय माझं!" त्याचा आवाज फाटला. तीन वर्षांनी कशीबशी एक सहल निघाली होती, तीही एका दिवसाची, आणि तोही दिवस असा पाण्यात गेला होता. अक्षरा केस पिळत काठावर आली. बापाचं तोंड बघून तिने काही विचारलं नाही, सरळ टॉवेल घेतला. तिची तयारी झालीच होती. तेवढं बघून सिद्धलिंग मटकन खाली बसला. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि पाण्याने भिजलेल्या तोंडावर ते कोणाला कळणारही नाही याचं बरं वाटलं.

उद्या सकाळी गल्लीत उतरायचं म्हणजे काय, ते चतुराबाईंच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळक्या तोट्यांवरून गल्ली डोक्यावर घेतली, तिच्याच पायरीवरून आज गंगा वाहत होती. अख्खी गल्ली ओट्यावर वाट बघत बसली असणार.

"टावेल ठिव अक्षरा," त्या शेवटी म्हणाल्या. "आज न्हाई जायचं."

"काय?" तिघंही एकदम म्हणाली.

"नळ तर येऊन गेला. आता घरी पाण्याचा थेंब न्हाई. कोरड्या घरात जाऊन काय करायचं? हितं पाणी हाय. उद्या ते पाळणे बी बघू द्या लेकराला."

"आणि साखरपुडा? गुरुवारी सकाळी तर घरी पोचणार," पुनमने विचारलं.

"साखरपुड्याचं काय एवढं? लग्नाला जाऊ की."

अक्षराने आजीला जी मिठी मारली, तिने चतुराबाईंचं पातळ कमरेपर्यंत भिजलं. मग भिजलोच आहोत तर, असं म्हणून त्या उठल्या आणि थेट त्या बादलीखाली जाऊन उभ्या राहिल्या. पातळ नेसून तिथे जायची परवानगी नव्हती. शिट्टीवाला शिट्टी वाजवत धावला, पण बादली त्याच्या आधी पोचली. पाणी ओसरलं तेव्हा चतुराबाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. "आपलं तर गेलंच," त्या सिद्धलिंगला म्हणाल्या. "ह्यांचं तरी घ्यावं."

राहायचं ठरलं, पण सिद्धलिंगचा जीव काही तिथे राहिला नाही. चार दिवसांचा बेत आखणारा तो, आता एकेक तास मोजत होता. दुसऱ्या दिवशी पाळण्यात उलटा लटकलेला असतानाही त्याला फुगलेली पुस्तकं दिसत होती. हॉटेलच्या न्हाणीत बघावं तर चतुराबाईंनी बादली, मग, डबे आणि चहाची किटलीसुद्धा काठोकाठ भरून ठेवलेली. "काय सांगावं, गेलं तर," त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी रिक्षा गल्लीत वळली आणि सिद्धलिंगला आधी वाकळाच दिसल्या. प्रत्येक घराच्या भिंतीवर, गच्चीवर, विजेच्या खांबाच्या ताणावरसुद्धा स्वच्छ धुतलेल्या वाकळा वाळत होत्या. दोन मोटारसायकली चकाचक उभ्या होत्या. नागम्माचा नवरा पिराजी भर उन्हाळ्यात ओटा धूत होता.

"या, या!" नागम्मा हसत समोर आली. "लई दिस राहिलाव की. बरं केलाव."

"एवढं पाणी कुठनं आलं वहिनी?" सिद्धलिंगने विचारलं, पण उत्तर त्याला कळायला लागलं होतं. त्यांच्या मोरीच्या खिडकीतून एक हिरवा पाईप बाहेर आला होता आणि नागम्माच्या टाकीत उतरला होता.

"तुमचंच की! नळ बी त्या दिवशी जायलाच तयार न्हाई, पार संध्याकाळपर्यंत. सगळ्या गल्लीनं दोनदा भरलं. फोन उचलायला बी फुरसत न्हाई, बघा."

"खिडकीतून पाईप लावता आला, तर तोटी बंद करता आली नाही?"

नागम्माचा चेहरा एकदम गंभीर झाला. "आवो भाऊजी, असं कसं? मावशींनीच ताकीद दिलती न्हाई का, माझ्या नळाला हात लावायचा न्हाई म्हणून? आम्ही न्हाई लावला हात. नुसता पाईप लावला."

पिराजीने मान डोलावली. चतुराबाईंनी कनवटीची किल्ली काढून दार उघडलं. आत घोट्याएवढ्या पाण्याची ओल भिंतींवर चढलेली होती, मोरीतला बोळा जागच्या जागी होता आणि हंडे, पिंप, टाकी, सगळं ठणठणीत कोरडं होतं. अक्षराने पलंगाखालून गठ्ठा ओढला. तो दुप्पट झाला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "फिजिक्स वाळायला आठ दिवस तरी लागतील." आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. परीक्षा सुरू झाल्यापासून एवढी ती हसली नव्हती.

सिद्धलिंग रिकामी बादली घेऊन शेजारी गेला. नागम्माने ती स्वतःच्या टाकीतून भरून दिली. "बादली लवकर वापस करा म्हणणार न्हाई, तुमचीच हाय," ती मोठ्या मनाने म्हणाली. "आन् पुढच्या खेपेला चांगले चार दिस राहून या. अजून सतरंज्या धुवायच्या राहिल्यात."

तो आपलंच पाणी सांभाळत, थेंब न सांडता दाराशी आला. चतुराबाई पायरीवर बसल्या होत्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुनमला सांगत होत्या, "तरी म्या पहिल्यापासनं म्हणत हुते, एकच दिस राहू म्हणून. पण ह्यो ऐकंल तवा ना!"

सिद्धलिंगने पुनमकडे पाहिलं, मग अक्षराकडे पाहिलं. अक्षरा ओल्या पुस्तकांची पानं पायरीवर उन्हात पसरत होती आणि अजून हसत होती. त्याने बादली आत ठेवली, दुसरी उचलली आणि पुन्हा नागम्माच्या दाराशी जाऊन उभा राहिला.