चाळीस अँपिअरचा अभिमान

"शनिवारी दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत बसलेला प्रत्येक माणूस स्वतःच्या हातानं स्वेटर काढेल! नाही काढला, तर मी नाव बदलीन!"

परिपत्रकांनी भर रस्त्यात अशी गर्जना केली, तेव्हा बाहेर उणे सहा होतं आणि त्यांच्या तोंडातून शब्द कमी नि वाफ जास्त येत होती. आता नाव बदलण्याची धमकी द्यायला मुळात नाव कुणाच्या लक्षात असावं लागतं. ऊर्जा खात्यात त्यांनी अकरा वर्षं एकाच विषयावर परिपत्रकं काढली, म्हणून अख्ख्या गल्लीत त्यांना परिपत्रक म्हणत. घरचेही म्हणत, पण ते त्यांच्या पाठीमागे.

विषय होता घर गरम करण्याचा. गॅसचे जुने बॉयलर काढायचे, भिंतींना आतून जाड अस्तर लावायचं आणि बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारा विजेवरचा हीट पंप बसवायचा. धूर नाही, गॅस नाही, खर्चातला मोठा वाटा सरकारचा. योजना इतकी सरळ होती की अकरा वर्षांत एकाही गल्लीनं ती घेतली नव्हती! आता शेवटची संधी त्यांच्या स्वतःच्या गल्लीला होती. बावीसपैकी बारा घरांनी सह्या करायच्या आणि शनिवारी पाचच्या आत यादीचा फोटो ऑफिसात पोचवायचा. नाही पोचला, तर योजना गुंडाळणार. आणि परिपत्रक सोमवारी निवृत्त होणार होते. म्हणजे अकरा वर्षांचं काम एका कपाटात आणि ते स्वतः दुसऱ्या कपाटात, असं त्यांचं त्यांनाच वाटायला लागलं होतं.

सह्यांची किल्ली एका माणसाच्या हातात होती, आणि तो माणूस म्हणजे त्यांची थोरली बहीण, आक्का. समोरच्याच घरात राहायची. आक्कानं सही केली की गल्ली सही करणार आणि आक्कानं नाक मुरडलं की गल्लीचं नाक मुरडलंच म्हणून समजा. ही बाई बॉयलर ढणढणत असतानाही घरात तीन स्वेटर घालून बसायची. "अरे, ज्यातून ज्वाळा दिसत नाही त्यातून ऊब कुठली येते रे?" हा तिचा सवाल होता. अकरा परिपत्रकांत त्याचं उत्तर होतं, पण आक्कानं एकही वाचलं नव्हतं.

म्हणून प्रात्यक्षिक ठरलं. परिपत्रकांच्या घरात तीन वर्षांपूर्वीच अस्तर आणि पंप दोन्ही बसले होते. सगळ्या गल्लीला चहाला बोलवायचं, ऊब दाखवायची, सह्या घ्यायच्या. यात चुकण्यासारखं काय होतं?

घरातली माणसं होती!

शनिवारी सकाळी बायकोनं खोली तापवणाऱ्या रेडिएटरला हात लावला. "अहो, हे कोमट आहे!"

"कोमटच असतं ते! पंप हळूहळू, दिवसभर गरम करतो. एकदम भडका नाही की एकदम गारठा नाही."

"ते तुम्हाला माहीत. लोकांना हात लावल्यावर चटका बसल्याशिवाय पटत नाही."

"चटका म्हणजे ऊब नव्हे!" परिपत्रकांनी बोट वर केलं. "भिंतीवर थर्मोस्टॅट आहे. त्यावर वीस लावलंय. खोली विसाला आली की पंप आपोआप विश्रांती घेतो, उतरली की कामाला लागतो. त्याला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणी नाही!"

बायकोनं मान डोलावली आणि थर्मोस्टॅटला हात लावला नाही. बायको दिल्या शब्दाची पक्की! दोन वाजता तिनं स्वयंपाकघरातला ओव्हन पूर्ण पेटवला, त्याचं दार सताड उघडं टाकलं आणि पुढे पडदा ओढून घेतला. नवऱ्याची मान चारचौघांत खाली जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

सव्वादोनला लेक-जावई आले. जावईबापूंच्या हातात एवढी मोठी पिशवी! सासऱ्यांना वाटलं, फुलं असतील. जावईबापूंनी संधी साधून पिशवीतला हीटर सोफ्याच्या मागे ठेवला, प्लग लावला आणि हात झटकून साळसूदपणे फोटो बघत उभे राहिले. लेक नवऱ्याला काही बोलली नाही, कारण तिला ते ठाऊकच नव्हतं. ती त्या वेळी दारातल्या चपलांच्या कपाटामागे स्वतःचा पंख्यावाला हीटर खुपसत होती. "बाबांना कळता कामा नये," असं तिघांनीही मनात म्हटलं आणि तिघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

अडीचला गल्ली आली. शिक्षक आले, शिंपीणबाई आल्या, कोपऱ्यावरचा वायरमन आला. सगळ्यांत शेवटी आक्का आली, तीन स्वेटर आणि वर शाल. टेबलाच्या टोकाशी खुर्ची ओढून तिनं बैठक मारली. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं पांढरं मेजपोस, त्यावर सह्यांची कोरी यादी आणि त्यावर परिपत्रकांचं पेन.

पाच मिनिटांत शिक्षकांनी मफलर सोडला. दहाव्या मिनिटाला शिंपीणबाईंनी कोट काढला. पंधराव्या मिनिटाला सगळ्या खोलीत स्वेटर डोक्यावरून ओढण्याची अशी काही धांदल उडाली की कुणाचा हात कुणाच्या बाहीत ते कळेना. शेवटी आक्कानं शाल काढली. मग पहिला स्वेटर. मग दुसरा!

परिपत्रकांची छाती अशी फुगली की शर्टाचं दुसरं बटण तटतटायला लागलं. "बघा! आणि हे सगळं करणारं यंत्र खिडकीबाहेर आहे. या, या, सगळे खिडकीशी या. आवाज ऐका!"

सगळ्यांनी कान टवकारले.

"येत नाही," शिक्षक म्हणाले.

"तेच तर! इतका शांत!"

"पण त्याचा पंखाही फिरत नाहीये."

"इतका काटकसरी!" परिपत्रक म्हणाले खरे, पण त्यांनी हळूच मागे वळून बघितलं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट सत्तावीस दाखवत होता. वीस लावलेल्या खोलीत सत्तावीस! पंप बिचारा केव्हाच हात जोडून बसला होता. तरी परिपत्रक मनाशी म्हणाले की अकरा वर्षांचा अभ्यास आहे आपला, यंत्रानं आज अपेक्षेपेक्षा जास्त केलं असेल. माणूस खुशीत असला की काहीही मनाला पटवून घेतो बघा!

तेवढ्यात आक्कानं तिसऱ्या स्वेटरच्या बटणाला हात घातला. परिपत्रकांनी पेनाचं टोपण काढून ते तिच्यापुढे धरलं. आणि स्वयंपाकघरात बायकोनं पाहुण्यांच्या चहासाठी विजेची मोठी किटली लावली.

फट्!

दिवे गेले, फ्रिज गेला, थर्मोस्टॅटचा आकडा तेवढा त्याच्या बॅटरीवर सत्तावीस दाखवत राहिला.

वायरमन उठला. "मुख्य फ्यूज उडाला. काय काय चालू होतं?"

"पंप, दिवे आणि किटली. बस्स!" परिपत्रक ठामपणे म्हणाले.

"एवढ्यानं नाही उडत, काका." वायरमन घरात शिरला. पडद्यामागून आवाज आला, "ओव्हन!" सोफ्यामागून आवाज आला, "हीटर!" मग चपलांचं कपाट सरकल्याचा आवाज आला आणि वायरमन हातात पंख्यावाला हीटर घेऊन दारात उभा राहिला.

मग शिंपीणबाईंना हसू आवरेना आणि सगळी खोली गदागदा हसायला लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! परिपत्रकांचे कान लालबुंद झाले.

"तू?" ते बायकोला म्हणाले. "आणि पोरी, तू? आणि तुम्हीसुद्धा, जावईबापू? गल्ली मला अकरा वर्षं हसली, मला त्याचं काही वाटलं नाही. पण माझ्या घरातल्या एकाही माणसाचा माझ्या कामावर विश्वास नाही? एकाचाही?" सोमवारी रिकाम्या हातानं कपाटाची किल्ली द्यायची आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

"अहो, लोक तुम्हाला हसतात ते तुम्हाला चालतं, मला नाही चालत!" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दुकानात, रस्त्यात, अकरा वर्षं मी ऐकतेय. आज एक दिवस कुणी हसू नये म्हणून केलं हो."

परिपत्रकांनी पेनाला परत टोपण लावलं.

वायरमन म्हणाला, "नवा फ्यूज गोदामातून आणावा लागेल. तासभर धरा." आणि गेला. लोक आपापले स्वेटर शोधायला लागले. तेवढ्यात आक्कानं टेबलावर हात आपटला.

"कुणी हलायचं नाही! आता वीज नाही, हीटर नाही, तो पंपही नाही. हे घर गार पडताना मला डोळ्यांनी बघायचंय. अर्ध्या तासात इथं दात वाजतील, मग याच्या डोक्यातलं खूळ कायमचं जाईल. बसा सगळे!"

सगळे बसले. स्वेटर मांडीवर घेऊन, तयारीत. बावीस डोळे थर्मोस्टॅटवर, उरलेले परिपत्रकांवर.

सव्वीस. दहा मिनिटं गेली, सव्वीसच. खिडकीबाहेर नळाला बर्फाची दाढी आली होती. पंचवीस. शिक्षकांनी स्वेटर उचलला, हुंगल्यासारखा केला आणि परत ठेवला. अर्धा तास झाला, एकाचेही दात वाजेनात. आक्काचा हात शालीकडे जायचा आणि वाटेतूनच परत यायचा. पाऊण तास. चोवीस.

"माणसं खूप आहेत ना, माणसांची ऊब असते," शिक्षक म्हणाले.

"मागच्या महिन्यात एवढीच माणसं माझ्याकडे सभेला होती," आक्का सावकाश म्हणाली. "बॉयलर फुल्ल. आणि तुम्ही हातमोजे घालून चहा प्यायलात, गुरुजी."

आक्का उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं भिंतीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. आपल्या घरातल्या भिंती रात्रंदिवस गार लागतात, हे तिला ठाऊक होतं. ही लागत नव्हती.

"अरे, या भिंतीत काय भरलंयस?"

"अस्तर," परिपत्रक हळूच म्हणाले. "ते आधी, पंप नंतर. ऊब घरातून पळून जायची थांबली की छोटा पंपही पुरतो. पहिल्याच परिपत्रकात आहे."

"मग तसं तोंडानं सांगायचं होतंस, मेल्या! अकरा वर्षं कागद कशाला पाठवत बसलास?" आक्कानं तिसरा स्वेटर काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि सगळ्यांकडे वळली. "हसलात ना माझ्या भावाला? मीही हसले. आता ऐका. याच्या घरात तासभर काहीही चालू नाही आणि मला घाम आलाय. माझ्या घरात सगळं चालू असतं आणि मी कुडकुडते. शहाणा कोण ते मला कळलं. आण तो कागद!"

पहिली सही आक्काची. मग पेनासाठी अशी झोंबाझोंबी झाली की शिक्षकांची सही शिंपीणबाईंच्या रकान्यात गेली आणि परिपत्रकांनी ती बाण काढून दुरुस्त केली. चार वाजून चाळीस मिनिटांनी बाराव्या घराची सही झाली. परिपत्रकांनी फोटो काढला, पाठवला आणि बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे अशा काही नजरेनं बघत होती की लग्नानंतर इतक्या अभिमानानं कुणी आपल्याकडे बघितलेलं त्यांना आठवेना. ऑफिसातून उत्तर आलं, 'मिळाली. मंजूर.' गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

"तरी मी म्हणत होतो," परिपत्रक घसा खाकरून म्हणाले, "माणसाचा स्वतःच्या कामावर विश्वास हवा! तुम्ही तिघांनी आज यातून धडा घ्यावा."

तिघांनी खाली मान घालून धडा घेतला.

वायरमन एव्हाना नवा फ्यूज बसवून आला होता आणि चहाचा घोट घेत नोंदवही उघडून उभा होता. "काका, फ्यूज का उडाला ते लिहावं लागतं. पण माझा हिशोब जमेना. ओव्हन नऊ अँपिअर, दोन हीटर नऊ-नऊ, किटली नऊ. झाले छत्तीस. दिवे, फ्रिज धरून सदतीस. फ्यूज चाळीसचा. सदतीसला चाळीसचा फ्यूज उडत नाही. अजून काहीतरी आहे. मोठं आहे."

बायकोनं लेकीकडे बघितलं. "मी एकच लावला," लेक म्हणाली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. "मी पण एकच," जावईबापू म्हणाले. परिपत्रक मात्र एकाएकी सह्यांची यादी फार बारकाईनं वाचायला लागले होते.

वायरमननं भिंतीतल्या प्लगपासून वायर धरली. वायर सतरंजीच्या कडेकडेनं गेली, टेबलाच्या पायाशी वळली आणि मेजपोसाखाली शिरली. त्यानं मेजपोस उचललं. आक्काच्या पायांपाशी एक जाडजूड, नवाकोरा, अकरा अँपिअरचा हीटर बसला होता!

हे मी तुम्हाला आधी का नाही सांगितलं, म्हणाल, तर त्यांनी ते मलाही सांगितलं नव्हतं.

"हा... हा धोरणाचाच भाग आहे," परिपत्रक म्हणाले. "आपत्कालीन राखीव क्षमता. कुठल्याही धोरणात ठेवावी लागते."

"आक्का, मग सह्यांचं काय?" शिक्षकांनी विचारलं.

"सह्या राहतील. मी सही केली तेव्हा हा मेलेलाच होता." आक्कानं पायानं हीटर बाजूला सारला. तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते. बायको तर पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

वायरमननं नोंदवहीत लिहिलं, मोठ्यांदा वाचत: "फ्यूज उडण्याचं कारण... घरातल्या चौघांचं... एकमत." आणि वही पुढे केली. "इथं सही करा, काका."

परिपत्रकांनी खाली मान घालून सही केली. गल्लीच्या बारा सह्यांनंतरची ही तेरावी.