एका आमेनाची आणि दोन संस्थानांच्या तहाची हकीकत

॥ कृपा समर्थ ॥

जी कोणाच्या कमाईने मिळत नाही, आणि जी वाटण्याचा मक्ता मात्र ज्याने त्याने आपल्यापाशीच ठेविला आहे, त्या कृपेस पहिले नमन. शके अठराशे त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सरे, इसवी सन एकोणीसशे एकसष्ट, ते समयीचा मजकूर ऐसा जे, सातासमुद्रांपलीकडे, जेथे सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने बर्फाची आठवण, तेथे एक थोरले संस्थान होते. त्यास किल्ला नाही, तोफ नाही, गादी म्हणावी तर एक लाकडी खुर्ची, परंतु दरारा बहुत. त्यांचा राजधर्म ऐसा जे, मनुष्य जन्माचा पापी, त्याचे कर्म कवडीकामाचे नाही, तो तरतो तो केवळ कृपेने, केवळ विश्वासाने, आणि दाखला पाहावा तर केवळ शास्त्रात. आणि कर्माने कोणी तरत नाही हे जगास पटविण्याकरिता त्यांनी इतके कर्म केले की पुसू नये. मग पन्नास वर्षांमागे दरबारी मसलत जाहली, कृपा घरातच किती साठवावी, आणि मोहीम पूर्वेस काढावी ऐसे ठरले, आणि गलबतावर बाजाची पेटी, दुधाची भुकटी, कुनैन आणि धर्माच्या प्रश्नोत्तरीच्या पुस्तकांचे चाळीस खोके चढवून साहेबलोक आमच्या मुलखी उतरले; जीपगाडी मागाहून आली. खोटे कशास बोलावे, दवाखान्यात मडमसाहेबांनी बाळंतिणी वाचविल्या आणि शाळेत पोरी लिहू-वाचू लागल्या, ते उपकार शिरावर आहेत. परंतु दर तिमाहीस स्वदेशी खलिता जाई, आणि सोबत तसबीर जाई, तीत जीपभोवती मंडळी हसताना दिसत, आणि आनंद पाहून तिकडील बायांचे डोळे भरून येत. मंडळी जीप ढकलून दमल्यावर हसत होती, हे तिकडे कोणी कळविले नाही.

आता आमच्याच गावी ओढ्यापलीकडे धाकले संस्थान होते. तेही त्याच देशीचे, त्याच गुरूचे, तीन 'केवळ' तेच, गीतांचे पुस्तकही तेच, थोरल्यांचा पुठ्ठा तांबडा, यांचा तेवढा निळा. ऐंशी वर्षांमागे स्वदेशी दोघांचे बिनसले ते ऐशा कलमावर की, देवाने तरणाऱ्यांची निवड केली तेव्हा त्यांचा पुढचा विश्वास पाहून केली, की निवड करून मग विश्वास दिला. देवास कोणी पुसले नाही. मग कागद फाटले, शिव्या म्हणाव्यात तर शास्त्रवचनांतून दिल्या, आणि ठराव जाहला जे, सर्व कलमांवर एकमत होईतो एकमेकांसंगे प्रभुभोजन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घेणे नाही आणि प्रार्थनाही करणे नाही. तो ठराव गलबतात बसून कुनैनासोबत आमच्या गावी आला. गावच्यास पुसावे, बाबा रे, तुमचे भांडण कशाचे? तर म्हणे, पुठ्ठ्याचे असेल, आम्हांस काय ठावे.

थोरल्या संस्थानी मार्थाबाई घोडके म्हणोन वृद्ध बाई होती. अर्धे गाव तिने सुईणपण करून जगात आणलेले, जिभेने तिखट, प्रश्नोत्तरी मुखोद्गत. तिची एकुलती लेक सलोमी, ती ओढ्यापलीकडे दिलेली. बाईंस जलोदराने धरिले आणि मडमसाहेबांनी सांगितले, महिना निघेल तर निघेल. मग बाईंनी थोरल्यांच्या गावपाळकास, म्हणजे उपासना चालविणाऱ्या देशी उपदेशकास, बोलाविले. हा पाळक स्वभावे सज्जन, परंतु हुकमावाचून शिंकणार नाही ऐसा. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, औषध पुरे झालं. सलीला माझ्या शेजारी बसवा, आणि प्रभुभोजनाची भाकर एकदा आम्हां मायलेकींना एकत्र द्या. मग मी जायला मोकळी." पाळक म्हणाले, "आई, ती पलीकडची." बाई कडाडल्या, "पलीकडची? माझ्या पोटातून आली तेव्हा मध्ये ओढा कुठं होता हो?" मग पेचात पडल्यास जे करणे ते पाळकांनी केले, म्हणजे हुजुरास अर्ज लिहिला.

आणि नवल वर्तले. दोन्ही दरबारांस वाटले, तहाची बोलणी करावी, खलित्यास मजकूर चांगला होईल. मग ओढ्याकाठच्या शाळेत थोरल्यांचे उंच साहेब आणि धाकल्यांचे स्थूल साहेब लवाजम्यानिशी दाखल जाहले, आणि मार्थाबाईंची बाज ओसरीत आणून ठेविली, उशाशी सलोमी, आणि भोवती दोहींकडल्या बायका बसल्या. आणि सभा सुरू होईना. कारण प्रार्थनेवाचून सभा आरंभणे हा राजधर्माचा भंग, आणि एकमत नसता एकत्र प्रार्थना करणे हाही भंग, आणि एकमत व्हावे तर आधी सभा व्हावी. मातबर मंडळी दोन प्रहरपर्यंत उन्हात उभी राहिली. मग तोड निघाली जे, थोरल्यांनी पहिलीच्या वर्गात प्रार्थना करावी, धाकल्यांनी दुसरीच्या. मधली भिंत तट्ट्याची. उंच साहेबांनी अलीकडे प्रार्थना संपविली, आणि धाकल्यांचे म्हातारे उपदेशक येशुदास, चाळीस वर्षांची सवय, ते तट्ट्यापलीकडून खड्या आवाजात बोलून गेले, "आमेन!"

मग काय पुसता! थोरले म्हणती, तुमच्या माणसाने आमच्या प्रार्थनेस होकार भरिला, ही चोरून एकत्र प्रार्थना जाहली, आमेन माघारी घ्या. येशुदासांनी हात जोडिले, "साहेब, माघारी कसं घेऊ? ते तर वर गेलं." धाकले म्हणती, आमेन बेसावधपणी निघाले, सबब ते आमेन नव्हे. थोरले म्हणती, मग तुमच्यात बेसावधपणी काय काय चालते ते आधी सांगा. ऐसे तीन दिवस गेले, आणि निवडीच्या कलमाचे पहिले पानही उघडले नाही, आणि इकडे बाईंचा श्वास आखडू लागला.

तिसरे दिवशी दोन प्रहरी बाईंनी पुसले, "सले, ह्यांचं अजून काय चाललंय गं?" सलोमी म्हणाली, "आमेन कुणाचं ते ठरतंय, आई." बाई म्हणाल्या, "ठरू दे हो निवांत. तोवर आपण प्रार्थना म्हणून घेऊ." आणि त्यांनी प्रभूची प्रार्थना आरंभिली, सलोमीने सूर दिला, आणि मग तांबड्या पुठ्ठ्याच्या आणि निळ्या पुठ्ठ्याच्या सगळ्या बायका मोठ्याने म्हणू लागल्या. दोन्ही साहेब धावत बाहेर आले, परंतु लहानपणची प्रार्थना, ओठ आपोआप हलू लागले, मग दोघांनी तोंडास रुमाल लाविले. शेवटी ओसरी दणाणून आमेन जाहले.

मग तीन दिवसांत जे जाहले नाही ते पाव तासात जाहले. दोन्ही दरबार एका बाकावर बसले आणि एकमुखाने निवाडा दिला जे, हुकमावाचून एकत्र प्रार्थना केली सबब या सर्व बायांस सहा महिने प्रभुभोजन बंद. एका कागदावर दोघांनी सही केली आणि प्रेमाने हात मिळविले. निवाडा वाचून दाखविला तेव्हा मार्थाबाई हसल्या. म्हणाल्या, "दोघांची सही आहे ना खाली?" पाळक म्हणाले, आहे. "म्हणजे एकमत झालं की! मग आता कशाला अडलंय? द्या भाकर." उंच साहेबांनी चष्मा काढून पुसला, स्थूल साहेबांनी छताकडे पाहिले, आणि मग दोघेही मसलतीस आत गेले, हे पहिलीत, ते दुसरीत. जाताना पाळकास म्हणाले, तयारी ठेवा, परंतु हुकूम येईतो हात लावू नका.

पाळक भाकरीची डबी घेऊन बाजेपाशी उभे राहिले. बाईंनी त्यांजकडे पाहिले. "पाळकसाहेब, हुकूम तुमच्याकडे नाही, कबूल. भाकर तर आहे?" पाळक म्हणाले, "एवढं साहेब बाहेर येऊ द्या, आई." सलोमीने आईच्या तोंडात चमचाभर पाणी घातले, त्यातले थोडे आत गेले, बाकीचे गळ्यावर ओघळले, आणि बाईंचा प्राण गेला. मग दारे उघडली आणि निकाल बाहेर आला जे, विषय विचार करण्याजोगा आहे, पुढील सभेत घ्यावा.

सारांश, स्वदेशी खलिता गेला की बोलणी सलोख्याने पार पडली, सोबत हात मिळविल्याची तसबीर. ऐंशी वर्षांत एकमत जाहले ते एकदाच, आणि तेही बायकांस उपाशी ठेवण्यावर. आता ही हकीकत लिहिणारा कोण म्हणोन पुसाल, तर नाव सांगण्याची लाज वाटते. बत्तीस वर्षे मी वेदीवरून सांगत आलो की कृपा फुकट आहे, आणि त्या दिवशी डबी माझ्या हातात होती.