झोक्याखालची जमीन

सुतार कशाला हवा? घरात मी असताना! सदुसष्ट सालची आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आठवड्यावर आली होती, तेव्हा मी बायकोला, म्हणजे सुनंदाबाईंना, हे ठणकावून सांगितलं. आमच्या पिंप्राळ्याच्या घराची माडी सागवानी फळ्यांची, काळीभोर, तुकतुकीत! फक्त झोक्याखालची हातभर जागा झिजून पांढरी पडलेली. आमची कोकिळा तिथे पाय रेटून झोके घ्यायची, अगदी लग्न होऊन धुळ्याला जाईपर्यंत.

आखाजीला लेकी माहेरी येतात. कोकिळाला आणायला मुऱ्हाळी म्हणून पुतण्याला पाठवलं, तर गडी हात हलवत परत!

"सासूबाईंची कंबर धरलीय म्हणे. यंदा पाठवत नाहीत."

तो रिकामा झोका मला बघवेना. म्हटलं, उतरवून ठेवू, आणि ती जागाही एकदाची बाकीच्या जमिनीसारखी करून टाकू. दृष्टीआड सृष्टी!

काचकागदाने घासली, तर टकलासारखी चकाकायला लागली. जवसाचं तेल चोळलं, तर बाकीच्या जमिनीहून काळी! मग कडेच्या फळ्या घासल्या. मग त्यांच्या कडेच्या. शेवटी अख्खी माडीच घासायला काढली. खाटा, गाद्या, झोका, सगळं अंगणात! मी वर गुडघ्यांवर, आणि सुनंदाबाई खाली झोक्याची फळी मांडीवर घेऊन रडत बसलेल्या.

नेमके तेव्हाच शेजारचे बन्सीलाल कापडवाले डोकावले. आखाजीच्या तोंडावर झोका उतरवलेला, गाद्या बाहेर, बाई रडतायत आणि घरधन्याचा पत्ता नाही! आमच्याकडे ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं, तिथे आखाजीला झोका बांधत नाहीत. अशा वेळी विचारणार तरी कसं? भल्या माणसाने लांबूनच हात जोडले. धुळ्याला खरेदीला निघालेलाच होता. आमच्या व्याह्यांच्या कानावर घालून मोकळा झाला!

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळा दारापासूनच हंबरडा फोडत जिना चढली. समोर मी, तेलाने माखलेला, हातात बोळा!

"आबा! तुम्ही...?"

"का? मी काय केलं?"

तिच्या मागे तिचा दीर सुपडू. "आबा, तुम्ही त जित्ता शेतस!" त्याच्या आवाजात थोडी तक्रारच होती.

आवाज ऐकून सुनंदाबाईही वर आल्या, मग मायलेकी आणि मी, तिघंही एकदम रडलो आणि एकदम हसलो. सुनंदाबाई लेकीची अलाबला घेऊन रस करायला धावल्या. कोकिळा मात्र खाली वाकून काहीतरी शोधत होती.

"आबा, माझी जागा कुठे गेली?"

"ही काय, इथेच..." म्हणत मीही वाकलो. इथे? नाही, तिथे? अख्खी माडी एकसारखी झाली होती! जन्मात पहिल्यांदा एखादं काम मला नीट जमलं होतं! लेकीने पाय घासून घासून केलेली जागा मी माझ्या हाताने पुसून टाकली होती.

तेवढ्यात सुपडूने खाली जाऊन चपला घातल्या.

"कोनी मरनं नही ना? मंग चाला वहिनी! पाचनी मोटार शे. घर माय एकली शे."

रस पातेल्यातच राहिला. मोटार दिसेनाशी झाली, तेव्हा सुनंदाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या तेलकट धोतराकडे बघत म्हणाल्या,

"अहो, आखाजीपर्यंत तरी मेलेलं राहायचं होतं ना!"

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मलाही तेच वाटत होतं.