मौलवीसाबांचं शेवटचं पान

आमच्या देवळालीच्या मौलवीसाबांकडे कुराण शिकायला बसलेलं पोर भराभर पुढं जाई आणि शेवटच्या पानावर हमखास अडकून पडे.

एरवी त्यांच्याइतका मोकळा शिक्षक मी पाहिला नाही. छडी नव्हतीच. मशिदीच्या ओसरीवर आम्ही वीस पोरं एकाच वेळी आपापला सबक, म्हणजे त्या दिवसाचा धडा, मोठ्यानं वाचत असू. त्या कल्लोळात ते नेमकं म्हणत, "हमीद, नाक चोंदलंय तुझं. आईला सांग, ओवा भाजून हुंगायला दे." सबकाआधी प्रत्येकानं घरची बातमी सांगायची. "पोटातलं आधी निघू दे, मग डोक्यात घालू." कुणाची शेळी व्याली, कुणाचा बाप कारखान्यावर लागला, सगळं त्यांना पाठ.

अडचण फक्त शेवटच्या पानाची. मी नोंद ठेवली होती: माझ्या पुढचे चौघे तिथं महिना-महिना रखडले. मौलवीसाब म्हणत, "आज आवाज बसलाय." "आज हवा कोंदट हाय." "उद्या बघू."

माझी पाळी आली तेव्हा लढाई चालू होती आणि साखर रेशनवर. कुराण पुरं झालं की सगळ्या पोरांना गोड वाटायची रीत होती, म्हणून अम्मीनं साखर साठवून दोनदा शिरा केला. दोन्हीदा मौलवीसाब म्हणाले, "थोडं कच्चं हाय." शिरा शेजाऱ्यांनी खाल्ला.

त्यात अब्बांना नगरला काम मिळालं. शुक्रवारी निघायचं ठरलं. एका पानासाठी माझं कुराण अपुरं राहणार होतं. गुरुवारी अम्मी तिसरा शिरा, आता गुळाचा, घेऊन स्वतःच ओसरीवर आली.

"मौलवीसाब, पोरीत काय खोट हाय ते सांगा."

"खोट न्हाई. पंधरा दिवसांमागंच पक्कं झालंय तिचं."

"मग आमचे शिरे का वाया घालवले?"

ते दाढीवरून हात फिरवत राहिले. "पुरं झालं की पोरं लांबूनच सलाम करत्यात आन पळत्यात, बहेन. घरी माझ्याशी बोलायला कुणी न्हाई."

अम्मीनं शिऱ्याची थाळी खाली ठेवली आणि मला पुढं बसवलं. मी शेवटची सूरह, म्हणजे कुराणातला शेवटचा अध्याय, वाचली. त्यांनी एकही चूक काढली नाही.

"आता लगेच पहिलं पान," ते म्हणाले. "पुरं झालं तरी मिटायचं नसतं."

रिवाज तसाच आहे, पण चार ओळींपुरता. चार ओळी झाल्या. ते मान डोलावत होते, पुरे म्हणेनात. पोरं थाळीकडे सरकली. मी अम्मीकडे पाहिलं.

तिनं थाळीवर झाकण ठेवलं, बैठक मारली आणि मला खुणेनं सांगितलं, वाच.