माणूस असल्याचा पुरावा

अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो, स्वतंत्र होतो, आपल्या आयुष्याचा धनी होतो. अमेरिकेतल्या टोलिडोच्या एमेट ब्रँडलीच्या बाबतीत हे एका मंगळवारी घडलं, आणि त्याचा पहिला परिणाम म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा सरकारी आरोग्यविमा त्या महिनाअखेरीस बंद पडायला निघाला. डबीत फिटच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. विम्याशिवाय सातवी परवडणारी नव्हती.

महिनाअखेर उजाडली. विम्याची कचेरी पाचला बंद होणार होती. एमेटची आई लॉर्ना दोनला फोन घेऊन बसली, चाळीस मिनिटं होल्डवरचा पियानो ऐकला, आणि विमा चालू ठेवण्याच्या अर्जाचा नंबर सांगणार तोच पलीकडच्या माणसाने तिला थांबवलं. मुलगा सज्ञान झाला, आता त्याची माहिती आईलाही देता येत नाही, त्याने स्वतः बोलावं. अठरा वर्षं त्याच्या पोटात काय गेलं आणि कधी बाहेर आलं याची वही ठेवणाऱ्या बाईने फोन मुलापुढे सरकवला.

एमेटचं डोकं नको तितकं चालायचं, जीभ मात्र जन्मापासून साथ देत नव्हती. तो एका बोटाने टॅब्लेटवर टाइप करी आणि टॅब्लेट बातम्या देणाऱ्याच्या भारदस्त आवाजात बोले. त्या आवाजाने नमस्कार करून नाव सांगितलं. रेकॉर्ड केलेल्या फोनांशी बोलायची आम्हाला मनाई आहे, असं सांगून पलीकडच्याने फोन ठेवला.

पुन्हा पियानो. या खेपेला लॉर्ना मध्येच म्हणाली की तो मशीन नाही हो, माझा मुलगा आहे. त्यावर 'मागून कुणीतरी पढवत आहे' अशी नोंद झाली आणि तोही फोन गेला.

"आई, तू आत जा," टॅब्लेट म्हणाला.

"मी गप्प बसते ना."

"तुला जमणार नाही. जा."

ती स्वयंपाकघरात गेली, म्हणजे दाराआड उभी राहिली. साडेचारला एका बाईने फोन घेतला. आवाज ऐकून तीही घुटमळली.

"हे बघा, तुम्ही माणूसच आहात हे मी कशावरून मानू?"

एमेट बराच वेळ टाइप करत होता.

"माझी आई दाराआड लपली आहे. काळजीत असली की तिचं नाक शिट्टी मारतं. ऐका."

लॉर्नाने निकराने श्वास रोखला. वीस सेकंद रोखला. मग शिट्टी वाजली.

बाई इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. पुढचं भराभर झालं. जन्मापासूनचं अपंगत्व अजून आहे का, हे तिला नियमाप्रमाणे विचारावंच लागलं. सकाळपर्यंत तरी होतं, एमेट म्हणाला. पाचला चार मिनिटं कमी असताना विमा वर्षभरासाठी चालू झाला.

"आता शेवटचं," बाई म्हणाली. "पुढच्या वेळी तुमच्या वतीने आई बोलल्या तर चालेल का? हो म्हणा, लगेच नोंदवते."

लॉर्ना डोळे पुसत दाराआडून बाहेर आली. एमेटने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि टाइप केलं.

"विचार करून कळवतो."

ही मार्चमधली गोष्ट. ऑक्टोबर संपत आला. कचेरीच्या नोंदीत लॉर्नाच्या नावापुढे 'निर्णय बाकी' असं आहे.