उडाणरावांची चिमूट

एका जंगलात उडाणराव नावाचे वानर राहत. कुठल्या जंगलात ते विचारू नका, मुलांनो, तिथला राजा अजून गादीवर आहे. एकदा जांभळाच्या शेंड्यावरून झेप घेताना फांदीने दगा दिला आणि उडाणराव मानेवर आपटले. जीव वाचला. पण पाय गेले आणि हाताची बोटं मिटेनात.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारी, "चालणार कधी?"

पानं शिवून घरटं बांधणाऱ्या चिमुकल्या शिंपीणताईंनी मात्र वेगळं विचारलं. जायबंदी प्राण्यांना रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं हे त्यांचं काम. शहरात याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. जंगलात 'ताईंकडे जाणं' म्हणतात.

"तुम्हाला काय करायचंय, उडाणराव?"

उडाणराव लाजले. "हिच्या उवा काढायच्यात."

हसू नका रे! वानरांत नवरा-बायको संध्याकाळी एकमेकांच्या उवा काढतात. तोच त्यांचा संसार. चिंगूबाई अजूनही नवऱ्याच्या उवा काढत, पण आपलं डोकं पुढे करत नसत. ते उडाणरावांना फार लागे.

ताईंनी मडक्यात वीजमासा आणला. दोन ओल्या वेलींचं एक टोक मडक्यात सोडलं आणि दुसरं उडाणरावांच्या हाताला बांधलं. मासा चिडला की हात झिणझिणे आणि बोटं मिटत. पण ताईंची शिस्त कडक. उडाणरावांनी आधी स्वतः जोर लावायचा, मगच त्या माशाला डिवचत.

"नुसती वीज काय करणार? बोटांना काम आठवायला हवं."

आधी आवळा धरून झाला, मग बोर. शेवटी तीळ.

एके दिवशी सिंहमहाराज पाहणीला आले. सोबत कोल्हा प्रधान आणि टाळ्यांपुरती माकडं. उडाणरावांनी चिमटीत तीळ धरून दाखवला.

"तीळ?" महाराजांनी जांभई दिली. "चालून दाखवायला सांगा."

"महाराज, विजेने पाय उडेल. त्याला चालणं म्हणत नाहीत," ताई म्हणाल्या.

कोल्ह्याला धीर कुठला! त्याने वेली सोडून मांडीला बांधल्या आणि माशाला काठीने ढोसलं. उडाणरावांचा पाय उडाला तो थेट महाराजांच्या नाकावर.

आता आपलीच न्याहारी होणार, म्हणून उडाणरावांनी डोळे मिटले.

"पहिलं पाऊल!" कोल्हा ओरडला. "महाराजांच्या दिशेने पहिलं पाऊल!"

माकडांनी टाळ्या पिटल्या. महाराजांनी सुजलेल्या नाकानिशी मान डोलावली. कोल्ह्याला हार मिळाला आणि मासा राजवाड्यात गेला. आता तिथे रोज कुणाचा ना कुणाचा पाय उडतो आणि टाळ्या होतात.

मडकं गेलेलं पाहून उडाणराव रडले.

"जाऊ दे तो मासा," ताई म्हणाल्या. "जोर तुम्हीच लावत होतात ना?"

त्या संध्याकाळी चिंगूबाई आपणहून पाठमोऱ्या बसल्या. बोटं थरथरली, चुकली, पुन्हा केसांत शिरली. बऱ्याच वेळाने एक ऊ चिमटीत आली.

टाळी कुणी वाजवली नाही. चिंगूबाई डोळे मिटून एवढंच म्हणाल्या, "हं. आता जरा डावीकडे बघा."

तात्पर्य: बायकोच्या डोक्यातली ऊ काढून जगात कुणाचं नाव होत नाही. नाव करायचं तर राजाच्या नाकावर लाथ मारावी. फक्त शेजारी तिला पाऊल म्हणणारा कोल्हा उभा आहे ना, ते आधी बघून घ्यावं.